रात्रीची पोच

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींना रात्रीचं भारी वेड. गड घेतले कधी? रात्री. खलबतं झाली कधी? रात्री. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंडळी कशी उठली, कोणाचं डोकं दुखत होतं, कोण कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं, याबद्दल बखरकार चकार शब्द काढत नाहीत. सिनेमावाल्यांची गोष्ट तर विचारूच नका. नायक-नायिका खोलीत गेली की दिग्दर्शक लाज वाटून दोन फुलांकडे बघू लागतो. फुलं एकमेकांवर डोकी आपटतात, आणि पुढच्याच दृश्यात नायिका न्हाऊन, ओल्या केसांनी चहाचा ट्रे घेऊन हजर! मधल्या वेळात काय झालं हे आपल्याला वयोमानानुसार कळतं. पण त्यानंतर आणि चहाच्या आधी काय झालं, हे मात्र कोणीच दाखवत नाही. खरी गंमत तिथंच आहे.

कारण त्या पहिल्या रात्रीनंतर दोन माणसं जागी होतात आणि दोघंही आढ्याकडे बघतात. कालपर्यंत ज्या माणसाशी बोलताना पदर सावरायचा किंवा भांग नीट करायचा, त्यानं आता आपल्याला तोंड उघडं टाकून घोरताना ऐकलेलं असतं. रात्री काय काय बोलून गेलो ते आठवून कानाच्या पाळ्या तापतात. एकाला वाटतं, ‘आपण जास्तच बोललो.’ दुसऱ्याला वाटतं, ‘आपण काहीच कसं बोललो नाही?’ आणि दोघांच्याही मनात एकच प्रश्न असतो, जो विचारायची सोय नसते. रात्रीचं ते सगळं सकाळच्या उजेडातही खरंच आहे ना?

आता मी पडलो बँकेतला माणूस. मला प्रेमातलं कळतं त्यापेक्षा पावतीतलं जास्त कळतं. काउंटरवर पैसे भरायला आलेला माणूस तुम्ही कधी नीट पाहिलाय? नोटा माझ्या हातात पडल्या, मी मोजल्या, गल्ल्यात टाकल्या, तरी तो हलत नाही. मागची रांग खाकरू लागते. पण स्लिपचा अर्धा भाग शिक्का मारून हातात पडेपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. माझ्यावर त्याचा अविश्वास असतो असंही नाही. जवळचं काहीतरी दुसऱ्याच्या हवाली केलं की ‘मिळालं बरं का’ एवढं ऐकायची माणसाला गरज असते. यालाच आम्ही पोच म्हणतो.

पहिल्या रात्रीचंही तसंच. भरणा दोन्ही बाजूंनी झालेला, साक्षीदार कोणी नाही, कागद नाही. मग पोच द्यायची कशी? जगातल्या वेगवेगळ्या लोकांनी यावर काय काय तोडगे काढले, हा इतिहासाचा एक फार गोड आणि थोडा कडू कप्पा आहे.

सुरुवात आपल्याच वात्स्यायनापासून करू. ‘कामसूत्रा’चं नाव निघालं की माणसं आधी दरवाजा बंद आहे ना ते बघतात. त्यातली आसनं सगळ्यांना ऐकून माहीत असतात. पण दुसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायात, सगळं आटोपल्यावर दोघांनी काय करायचं याचंही वर्णन आहे, आणि तिथपर्यंत वाचत जाणारे वाचक थोडे. वात्स्यायन सांगतो की आधी दोघांनी लाजून, जणू आपली ओळखच नाही अशा थाटात, एकमेकांकडे न बघता वेगवेगळं स्वच्छतेला जावं. परत आल्यावर विडा खावा. त्यानं तिच्या अंगाला स्वतःच्या हातानं चंदनाची उटी लावावी, डाव्या हातानं तिला जवळ घ्यावं आणि गोड बोलत पाणी पाजावं. मग थोडं खाणंपिणं. त्यात आंबे आहेत, साखर लावलेल्या महाळुंगाच्या फोडी आहेत. आणि ‘हे गोड आहे, हे मऊ आहे’ असं म्हणत त्यानं आधी स्वतः चाखून तिला द्यावं. नंतर गच्चीवर चांदण्यात बसावं. ती त्याच्या मांडीवर रेलून चंद्राकडे बघत असताना त्यानं तिला आकाशातली नक्षत्रं दाखवावीत : ही अरुंधती, हा ध्रुव, हे सप्तर्षी.

मी तर हे वाचून थक्कच झालो. ज्या ग्रंथाला आपण कपाटात मागच्या रांगेत ठेवतो, त्याचा कर्ता सरतेशेवटी नायकाकडून काय करून घेतो, तर भूगोलाच्या मास्तरासारखी तारे दाखवायची उजळणी! पण यातली मेख बघा. अरुंधती आणि ध्रुव म्हणजे लग्नात नवरीला दाखवायचे तारे. आपल्या जागेवरून न हलणारे म्हणून दाखवायचे. वात्स्यायनाचा नायक तोंडानं कसलंही वचन देत नाही. तो फक्त बोट वर करून दाखवतो. ज्याला त्यातलं कळतं त्याला ती पोच पुरते.

अर्थात वात्स्यायनाच्या नागरकाला गच्ची होती, नोकर होते, आणि सकाळी आठ सत्तावीसची लोकल नव्हती. शिवाय घरात सासू-सासरे कुठं झोपत, हे तो सांगत नाही. ती बाजू संस्कृतातल्या अमरुशतकानं सांभाळली आहे. त्यातल्या एका श्लोकात घरचा पोपट रात्रभर नवराबायकोचं बोलणं ऐकतो आणि सकाळी वडीलधाऱ्यांच्या देखत ते जसंच्या तसं म्हणू लागतो. बिचाऱ्या सुनेची काय अवस्था झाली असेल! पण मुलगी हुशार. तिनं कानातल्या दागिन्यातला माणिक काढला आणि डाळिंबाचा दाणा देते आहे असं दाखवून पोपटाच्या चोचीत कोंबला. एकत्र कुटुंबाचा इतिहास लिहायला कोणी बसला, तर हा पोपट पहिल्या प्रकरणात यायला हवा. आमच्या वाड्यांमधून पुढे पोपट नव्हते, पण त्याची उणीव भासू नये इतक्या आत्या, माम्या आणि शेजारणी होत्या.

पण पोच या विषयात कोणी डॉक्टरेट केली असेल तर ती जपान्यांनी. आजची क्योतो नगरी तेव्हा राजधानी होती. 794 ते 1185 या काळाला ते हेइआन काळ म्हणतात. त्यांच्या दरबारी घराण्यांत लग्नाची पद्धत आपल्यापेक्षा उलटी. मुलगी सासरी जात नसे. ती आपल्या आईबापांच्या घरी राहायची आणि पुरुष रात्री तिच्याकडे यायचा. ती पडद्याआड, खोलीत अंधार. म्हणजे पहिल्या रात्री तो जिच्याकडे आला तिचा चेहरा त्यानं नीट पाहिलेला नसे. तिच्या वाजवण्याची किंवा अक्षराची कीर्ती ऐकून गडी आलेला. उजाडायच्या आत त्यानं निघून जायचं असा रिवाज. रात्री दोघांचे झगे एकमेकांत मिसळून पांघरलेले असायचे. पहाटे ज्यानं त्यानं आपापला ओढून घ्यायचा. या ताटातुटीला त्यांच्या भाषेत ‘किनुगिनु’ म्हणतात. ‘किनु’ म्हणजे वस्त्र. तुझं वस्त्र तुला, माझं मला. मराठीत एवढ्या छोट्या शब्दात एवढं दुःख बसवणं कठीण आहे.

घरी पोचल्यावर त्या पुरुषाचं पहिलं काम म्हणजे पत्र. त्यालाही नाव होतं, किनुगिनुचं पत्र. अंगावरचे कपडे बदलण्याआधी ते लिहिलेलं बरं. त्यात एक कविता हवी. कागदाचा रंग ऋतूला शोभणारा हवा. ते एखाद्या फुलाच्या फांदीला बांधायचं आणि जासुदाबरोबर तिच्या घरी पाठवायचं. तिनं तितक्याच कलेचं उत्तर द्यायचं, आणि जासुदाचा मान करायचा. पत्र जितकं लवकर येईल तितकं प्रेम जास्त, असा सरळ हिशेब. तो पुरुष ओळीनं तीन रात्री आला, तर तिसऱ्या रात्री दोघांना कुटलेल्या भाताचे खास लाडू खायला घालत आणि लग्न झालं असं धरत. पण पहिल्या रात्रीनंतर दुसरी येईल की नाही हे कोणी सांगावं? सकाळचं पत्र हाच काय तो पुरावा.

आता त्या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मुलगी पडद्याआड बसलेली. तिची आई उगाचच फडताळ आवरते आहे. दासी दर दोन मिनिटांनी फाटकाकडे जाऊन येतात. कोणी काही बोलत नाही. सेइ शोनागोन नावाची एक बाई इसवी सन 1000च्या सुमाराला तिथल्या राणीच्या पदरी होती. जीभ अशी की दरबारातले भले भले टरकून असावेत. तिनं एक टिपणवही लिहिली, तीत याद्याच याद्या. कशाचा राग येतो, कशानं बरं वाटतं, कशानं काळजात धस्स होतं. या शेवटच्या यादीत तिनं एक नोंद केली आहे. काल रात्री पहिल्यांदाच आलेल्या माणसाचं सकाळचं पत्र उशिरा यावं, याची. आणि पुढे ती म्हणते की दुसरीच्या बाबतीत असं झालं, तरीही धस्स होतंच.

एरवी कोणाची गय न करणाऱ्या बाईनं हे लिहिलंय, म्हणून ते मला जास्त लागतं. तिच्याच रागांच्या यादीत पहाटे निघणाऱ्या पुरुषाचं चित्र आहे. हा गृहस्थ अंधारात आपला पंखा आणि कागद शोधतो आहे, धडपडतो आहे, ‘कमाल आहे, कमाल आहे’ म्हणून पुटपुटतो आहे. शेवटी सापडल्यावर कागद खसाखसा छातीशी कोंबतो, पंखा फटकन उघडून वारा घेतो आणि चालू लागतो. हजार वर्षं झाली, पण हा मनुष्य मी ओळखतो. फक्त पंख्याच्या जागी चष्मा घाला. शोनागोनचं म्हणणं एवढंच की निघायचं तर निघ, पण पाय निघत नाही असं निदान दिसू दे.

हेइआन काळातल्याच मुरासाकी शिकिबु या लेखिकेनं ‘गेन्जीची कथा’ नावाची प्रचंड कादंबरी लिहिली. तिचा नायक गेन्जी म्हणजे देखणेपणात अव्वल, पण हाती घेतलेली सगळी खाती वेळेवर लिहील असा मनुष्य नव्हे. एका गरीब झालेल्या राजकन्येकडे तो जातो. बाप वारलेला, घर पडकं, मुलगी कमालीची लाजाळू. रात्री ती एक शब्द बोलत नाही. गेन्जी पहाटे हिरमुसला होऊन निघतो आणि सकाळचं पत्र पाठवतो ते संध्याकाळी! पाऊस पडतोय, आज यायला जमेलसं दिसत नाही, अशा मजकुराचं. इकडे त्या घरातल्या दासींनी दिवसभर काय सोसलं असेल! राजकन्येला उत्तर सुचेना, तेव्हा दासीनं शब्द सुचवले, आणि तिनं ते जांभळ्या कागदावर लिहिले. कागद इतका जुना की जांभळा रंग उडून करडा झालेला. गेन्जीनं ते उत्तर बघून बाजूला टाकलं.

पुढे एका बर्फाळ सकाळी त्यानं तिला उजेडात पाहिलं. नाक हे लांब, आणि शेंड्याला लालभडक. कादंबरीत तिला ज्या नावानं ओळखतात त्याचा अर्थ करडईचं फूल. त्या फुलापासून लाल रंग काढतात, म्हणून. आपल्याकडे सोलापूरकडच्या शेतकऱ्याला या विनोदाची फोड करून सांगावी लागणार नाही.

आता पोचेचा हिशेब मांडला तर गेन्जी साफ नापास. पण मुरासाकी इथं थांबत नाही. तो त्या मुलीला कापडचोपड पाठवू लागतो. मग मधे वनवास भोगून येतो, तिला विसरूनही जातो. एके दिवशी दुसरीकडे जाताना एका मोडक्या घरावरची वेल ओळखीची वाटते. आत ती अजून वाट बघत असते. दासींनी घर विकायला सांगितलं, तरी विकलेलं नसतं. तो तिला पुन्हा आपलं म्हणतो आणि पुढे आयुष्यभर सांभाळतो.

आणि आता दुसरं खातं बघा. हे कादंबरीतलं नाही, खरं आहे. फुजिवारा नो कानेइए नावाच्या बड्या सरदारानं 954 साली एका मुलीशी लग्न केलं. तिचं स्वतःचं नाव इतिहासाला माहीत नाही, पण तिची रोजनिशी आहे. सकाळची पत्रं त्यानं नियमाप्रमाणे पाठवली, कवितेसकट. पहिल्या रात्रीनंतरची वेगळी, तिसऱ्या रात्रीनंतरची वेगळी. एकदम चोख काम. पुढच्या वर्षी तिला मुलगा झाला, आणि थोड्याच दिवसांत तिनं सहज पत्रांची पेटी उघडली तर आत कानेइएच्या अक्षरातलं एक पत्र. दुसऱ्याच बाईला लिहिलेलं. पुढे एका पहाटे त्यानं दारावर थाप मारली तेव्हा तिनं दार उघडलं नाही. सकाळी तिनं कोमेजू लागलेलं शेवंतीचं फूल आणि एक कविता पाठवून दिली. पत्राला पत्रानंच उत्तर.

म्हणजे चोख पोच देणारा फिरला, आणि पोच बुडवणारा परत आला. कोणी म्हणेल, कागदाला काय अर्थ आहे! त्यापेक्षा काहीतरी ठोस तारण हवं.

ठोस तारणाचा प्रयोग युरोपातल्या जर्मन टोळ्यांनी केला. त्यांच्यात लग्नानंतरच्या सकाळी नवऱ्यानं बायकोला ‘सकाळची भेट’ द्यायची पद्धत होती. जमीन, गुरं, दागिने, जसा ज्याचा वकूब. ती भेट तिची स्वतःची. इटलीतल्या लोंबार्डांचा राजा लिउतप्रांद यानं 717 साली कायदा केला की ही भेट दुसऱ्या दिवशी नातेवाइकांसमोर, साक्षीदारांनी पक्क्या केलेल्या कागदानिशी जाहीर करावी, आणि ती नवऱ्याच्या मालमत्तेच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसावी. या कायद्यातून दोन गोष्टी उघड होतात. एक म्हणजे त्या काळचे नवरे त्या सकाळी फार खुशीत असत. दुसरी म्हणजे खुशीतल्या माणसाला कर्ज आणि दान, दोन्हींची मर्यादा घालून द्यावी लागते, हे राजाला आमच्या हेड ऑफिसइतकंच कळत होतं.

पण ठोस तारणाचंही ऐका. फ्रँकांचा राजा चिल्पेरिक यानं 567च्या सुमाराला स्पेनच्या राजाची मुलगी गाल्सविंथा हिच्याशी लग्न केलं आणि स्त्रीधन व सकाळची भेट म्हणून तिला पाच शहरं दिली. बोर्दो, लिमोज, काओर आणि आणखी दोन. आपल्याकडे नवरा पाच तोळ्यांवर घासाघीस करतो, इथं पाच शहरं! पण थोड्याच काळात ती बिछान्यात गळा दाबून मारलेली आढळली, आणि राजानं आपल्या जुन्या मैत्रिणीशी लग्न लावलं. त्या पाच शहरांचा वाद मात्र चालूच राहिला. 587 साली, म्हणजे ती जाऊन जवळजवळ वीस वर्षांनी, राजेलोकांनी तह करून ती शहरं तिच्या बहिणीला कशी मिळावीत हे ठरवलं. हिशेब शेवटच्या पैपर्यंत जुळला. फक्त खातेदार शिल्लक नव्हती.

हे वाचल्यावर मला बराच वेळ विनोद सुचला नाही.

आपल्या मराठी मध्यमवर्गात न पत्र होतं, न शहरं. आमच्या नात्यात एक आत्याबाई होत्या, कोकणातल्या. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांच्या, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं थोराड नवरी. घरात चौदा माणसं. नवऱ्याशी दिवसा बोलायची चोरी. त्याचा उल्लेख करायचा तोही ‘इकडून’ असा. म्हातारपणी सुनांनी, नातसुनांनी त्यांना घेरलं. “आत्याबाई, दुसऱ्या दिवशी सकाळी काय म्हणाले हो काका?”

“म्हणतायत कसले!” आत्याबाई म्हणाल्या. “माजघरातनं सरळ बाहेर गेले. मला वाटलं, झालं, रागावले की काय. हुंदका यायला लागला मला. मग पाणी काढायला विहिरीवर गेले, तर रहाट गुपचूप! रोज असा किंचाळायचा, आळीभर ऐकू जायचं. सासूबाई वर्षभर सांगत होत्या, कोणी हात लावला नव्हता. ह्यांनी पहाटे उठून तेल दिलं होतं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणायचं? दोन घागरी जास्त काढल्या.”

जपानी जासुदानं फांदीला बांधून आणलेली कविता मी वाचू शकत नाही, पण ही वाचता येते. उत्तरासकट.

तेव्हा हिशेब काय निघाला? पोच म्हणजे हमी नव्हे. स्लिपवर शिक्का मारला म्हणून बँक बुडत नाही असं नाही. कानेइएचं पत्र, चिल्पेरिकची शहरं, कशानंच पुढचं काही पक्कं झालं नाही. पण म्हणून ती मागूच नये असं म्हणणाऱ्यानं त्या सकाळी फाटकाकडे डोळे लावून बसून बघावं. तिथं बसलेल्या माणसाला तीस वर्षांची हमी नको असते. तीस वर्षांचं तीस वर्षांनी बघता येतं. त्याला फक्त दुपारपर्यंत पुरेल एवढं काहीतरी हवं असतं.

आता फाटक गेलं, जासूद गेला. मोबाइलवर दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे पत्र पोचलं, वाचलं, आणि उत्तर नाही, हे तिला किंवा त्याला लगेच कळतं. यंत्र सुधारलं, पण धस्स व्हायचं काही थांबलेलं नाही. म्हणून नव्या जोडप्यांना माझी एक कारकुनी विनंती आहे. कविता येत नसेल तर राहू द्या. शहरं तर नाहीतच. पण त्या सकाळी पंखा, चष्मा, जे काय हरवलं असेल ते सापडल्यावर लगेच चालू लागू नका. काउंटरपलीकडे माणूस अजून उभा आहे. शिक्का मारून त्याची स्लिप तेवढी त्याला परत द्या.